मागच्या पायऱ्या

किर्गिझस्तानातल्या नारीनच्या थंडीत सांडलेलं पाणी पुसायच्या आत गोठतं, आणि मालक कुबातबेकनं लग्नाच्या हॉलमागच्या पायऱ्यांना बसवल्या होत्या तोंड दिसेल इतक्या चकचकीत फरश्या. तिथे तोंड बघायला कोण जाणार होतं? स्वयंपाकघरातून उकळता शोरपो, म्हणजे मटणाचा रस्सा, वर नेणाऱ्या बायका, दुसरं कोण!

गेल्या आठवड्यात तिथेच गुलसाना पातेल्यासकट पडली. मटणाच्या रश्श्यानं तिचा हात कोपरापर्यंत सोलून निघाला. आज तिच्या जागी झुराकानची सून होती, नुरजात, आणि ती पोटुशी. झुराकान स्वयंपाकघराची मुख्य. सकाळपासून तिचा जीव त्या पायऱ्यांत अडकला होता.

"कुबात, खडेमीठ टाकू दे रे पायऱ्यांवर."

"तोबा!" पाप कानावर पडल्यासारखी कुबातबेकनं आपली कॉलर धरली. "मिठावर पाय? ताई, तुमच्यासारख्या वडीलधाऱ्या बाईनं हे बोलावं?"

"मग राख टाकते."

"राखेवर तरी पाय देतात का आपल्यात?"

"वाळू?"

"आणि हॉलमधला गालिचा कोण झटकणार? जरा जपून चालायला सांगा पोरींना. नुसत्या गप्पा मारत चालतात."

मिठावर पाय द्यायला झुराकानचं स्वतःचंही मन धजत नव्हतं, आणि मेल्याला ते बरोबर ठाऊक होतं.

पहिल्याच फेरीत नुरजातचा पाय सटकला. कशीबशी चौकटीला टेकून ती सावरली, पण रस्सा सांडला आणि बघता बघता त्याचा बर्फ झाला.

"काही नाही हो आई, लग्नात नाचायची सवय करतेय," ती हसून म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. झुराकानला हसू आलं नाही.

तेवढ्यात आजच्या लग्नातले व्याही आले. त्यांच्यावर मिठाई उधळायला वयस्क बाई हवी, म्हणून झुराकानला पुढच्या दारी बोलावलं. ती हसतमुखानं मूठ भरून पायरीवर उभी राहिली, तर पायाखाली काहीतरी कर्रकर्र वाजलं. मिठाई उधळून झाली, व्याही आत गेले. मग तिनं वाकून एक खडा उचलला आणि जिभेला लावला.

मीठ! वरपासून खालपर्यंत, सढळ हातानं टाकलेलं.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाहुण्यांचे पाय तेवढे पाय, आणि आमचे काय मेंढरांचे खूर? मिठावर पाय देऊ नका म्हणणारे वाडवडील काय फक्त मागच्या दारी राहतात?

ती तशीच मागे गेली, नुरजातच्या हातातलं पातेलं घेतलं आणि अंगणाला वळसा घालून पुढच्या दारानं सरळ हॉलमध्ये शिरली. सगळ्यांच्या माना वळल्या. कुबातबेक धावत आला.

"ताई, अहो, इथून कुठे? व्याही बसलेत! मागून या!"

"मागे मीठ नाही."

"हळू बोला ना!"

"का? ऐकू दे की त्यांना. त्यांच्या पायाखाली पाप घातलंस, आणि माझ्या सुनेला तेवढं पुण्य होय रे?"

कोपऱ्यात कुणीतरी फिसकन हसलं. कुबातबेकचे कान लाल झाले. "बरं, बरं. टाका मागे. पोतं दारामागे आहे."

"तू टाक. आणि खालच्या पायरीपासून टाक. पोरी खालूनच चढतात."

पाहुणे ताटकळले होते, रस्सा निवत होता. त्यानं मुकाट्यानं पोतं उचललं आणि मागचं दार उघडलं. झुराकान पातेलं घेऊन त्याच्यामागे उंबऱ्यापर्यंत गेली. नव्या बुटांनी तो एक पायरी उतरला, दुसरीवर पाय टाकला आणि धप्पकन बसला. पोतं गडगडत खाली गेलं. उठायला गेला तर बूट पुन्हा सटकला. धरायला तिथे काहीच नव्हतं.

"ताई," तो वर बघून कळवळला, "अहो, हात द्या ना."

"कुठून देऊ?" झुराकान म्हणाली. "हातात पातेलं आहे."

आणि ती तिथेच उभी राहिली.