मुरकूट आणि उंट

रविवारी सकाळी माझ्या पडवीत नागावची सात-आठ मुलं गोष्टी ऐकायला येतात. नियम एकच. आठला हजर व्हायचं. तीनदा उशीर झाला, की नाव कमी.

त्या दिवशी मी येशूने धर्मपंडितांना सुनावलेली गोष्ट सांगत होतो. मुरकूट गाळून काढायचं आणि उंट मात्र गिळून टाकायचा, अशी त्यांची तऱ्हा. एवढ्यात सगुणा पायरीशी आली. सव्वाआठ. तिसरी वेळ.

"तिथेच थांब," मी म्हणालो. ती थांबली.

"सर, मुरकूट म्हणजे?" जुनेराने विचारलं.

"मूळ ग्रीक शब्द कोनोप्स. डासासारखा बारका किडा, आंबणाऱ्या द्राक्षारसावर घोंघावतो. तो अशुद्ध. पोटात जाऊ नये म्हणून लोक रस फडक्यातून गाळून पीत."

"आणि उंट? आपल्या समुद्रावरचा?" दिपेश म्हणाला. "तो गिळला तर पाहुणे कशावर बसतील?"

सगळे हसले. हसू ओसरल्यावर मी विचारलं, "असा किडा पाहिलाय कोणी?"

"मी," पायरीवरून सगुणा म्हणाली. "माडीच्या मडक्यात रोज पडतात. बाबा माडावरून उतरले की मी फडकं धरते, ते ओततात. ऊन चढायच्या आत गाळावी लागते."

"माडीवाली!" दिपेश पुटपुटला. दोघं-तिघं खिदळली. हा शब्द मी पूर्वीही ऐकला होता आणि दर वेळी गोष्ट पुढे नेली होती.

जुनेरा विचारात पडली होती. "सर, मग सगुणाचा उशीर म्हणजे मुरकूट की उंट?"

मी तिच्याकडे रोखून पाहिलं.

"मुरकूट," मी म्हणालो. "मी तिची मिनिटं मोजली, उशीर का होतो ते विचारलं नाही. आणि तुम्ही तिला चिडवता, ते मी दर वेळी ऐकून गप्प बसलो. तो उंट. तो मी गिळला. आजपासून तो शब्द इथे नको. दिपेश, ऐकलंस?"

दिपेशने मान हलवली.

"मग माझं नाव?" सगुणाने विचारलं.

"आहे. पुढच्या रविवारपासून साडेआठला सुरू करू. ये, आत ये."

दिपेशने सरकून चटईवर जागा केली. तिकडे न बघता ती जुनेराशेजारी बसली.

"सर, त्या पंडितांना राग आला असेल ना?" दिपेशने विचारलं.

"आला. मलासुद्धा आला होता, आत्ता, जुनेराचा."

जुनेरा दचकली. "आता गेला?"

"जातोय," मी म्हणालो.