खोडलेली ओळ

घरात ती धाकटी आणि ऑफिसात मॅडम, आणि दोन्हीकडे तिच्या शिस्तीची टिंगल ठरलेली. बोन मॅरो द्यायला तयार असलेल्या लोकांची नोंद ठेवणाऱ्या केंद्रात ती डेटाबेस सांभाळायची. दात्याच्या रक्ताची तपासणी एका फाइलीत, नुसत्या नंबराखाली. त्या नंबराचा माणूस कोण, त्याचा पत्ता काय, फोन काय, हे सगळं दुसऱ्या फाइलीत. या दुसऱ्या फाइलीची कॉपी काढायची नाही, बॅकअपसुद्धा ठेवायचा नाही, असा केंद्राचा नियम होता. पूर्वी एका पेशंटचे नातेवाईक दात्याचं घर शोधून काढून त्याच्या दारात बसले होते. आधी पाया पडले, मग शिव्या दिल्या. तेव्हापासूनचा हा नियम, आणि धाकटी तो डोळ्यांत तेल घालून पाळायची. थोरला भाऊ, म्हणजे दादा, तिला तिजोरी म्हणूनच हाक मारायचा.

सोमवारी सकाळी डिस्क बिघडली आणि नेमकी ही नावांची फाइल खराब झाली. सर्व्हर बघणारा मुलगा उंचीमुळे लंबू या नावाने ओळखला जायचा. त्याची पाचावर धारण बसली आणि त्याने थेट मूळ फाइलीवरच दुरुस्तीचा प्रोग्रॅम चालवला. या धंद्यात नवशिकासुद्धा आधी कॉपी काढतो, मग हात लावतो. कारण दुरुस्तीचा प्रोग्रॅम मोठा उर्मट असतो. जे वाचता येत नाही ते तो सरळ फेकून देतो. त्याने जवळजवळ सगळंच फेकलं.

"कॉपी का नाही काढलीस आधी?" धाकटी ओरडली.

"मॅडम, या फाइलीची कॉपी करायची नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना मला?"

तिला स्वतःच्याच हुशारीने थोबाडीत मारल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी दादाच्या रक्ताची तपासणी केंद्रात आली. रक्ताचा कॅन्सर, औषधांनी हात टेकले होते आणि आता दुसऱ्या कुणाचा बोन मॅरो मिळाला तरच आशा होती. धाकटी सख्खी बहीण, पण तिचं काडीचंही जुळलं नव्हतं. तिने दादाचे आकडे रक्ताच्या फाइलीवर जुळवायला सोडले. ती फाइल तेवढी शाबूत होती. पडद्यावर एक नंबर आला. सगळंच्या सगळं जुळत होतं.

केंद्राच्या प्रमुख डॉक्टरबाई खुर्चीवरून उठून आल्या. "अगं, इतकं जुळ्या भावाचं जुळतं! कोण आहे हा?"

"तेच तर गेलंय," धाकटी म्हणाली.

दादाला सांगायचं नाही, असं घोकत ती हॉस्पिटलात गेली आणि त्याचा उतरलेला चेहरा बघून सगळं सांगून बसली. दादा कोपरावर जोर देऊन उठला. कित्येक दिवसांनी उठला. "म्हणजे माझ्यासारखा अजून एक नग आहे म्हणायचा! तुझ्या वहिनीला सांगू नकोस, तिला एकच जड झालाय." वहिनी खाटेपाशीच होती. ती हसली, आणि हसता हसता तोंड वळवून तिने डोळे पुसले. "शोध मग," दादा म्हणाला. "तिजोरी तुझीच आहे."

मग धाकटीने जिवाचं रान केलं. नियम गुंडाळून ठेवून तिने आता अख्ख्या डिस्कचीच कॉपी काढली. डिस्कवरून काही फेकलं तरी ते लगेच नाहीसं होत नाही. ती जागा रिकामी धरली जाते, आणि वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत जुनी अक्षरं तिथेच पडून राहतात. ही अक्षरं ती आणि लंबू धान्य निवडावं तशी निवडत बसले. कुठे आडनावाशिवाय नाव मिळे, कुठे नुसताच घराचा नंबर आणि मजला. दुसरे दाते पुरे सापडत होते, हवा तो सापडत नव्हता. लंबू जेवेना. "माझ्यामुळे झालं मॅडम," एवढंच पुटपुटत राही, आणि खरं सांगायचं तर तिलाही तसंच वाटत होतं. इकडे दादाचा ताप उतरत नव्हता.

शुक्रवारी दुपारी लंबू खुर्चीतून उडालाच. "मॅडम, हा बघा! नंबर तोच!"

ओळ अख्खी होती. नाव, पत्ता, फोन, सगळं. धाकटीचा जीव भांड्यात पडला, पण क्षणभरच. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक खूण असते, आणि या ओळीची खूण दुरुस्तीत फेकलेल्या ओळींसारखी नव्हती. ही ओळ कुणीतरी मुद्दाम खोडली होती. शेवटी कारणही होतं: दात्याच्या विनंतीवरून नाव काढले. त्याखाली काढणाऱ्याची सही म्हणून तिचाच लॉगिन.

सगळं तिच्या ध्यानात आलं. या माणसाने तीन वर्षांपूर्वीच माघार घेतली होती. त्याचं नाव गेलं, पण रक्ताचे आकडे संशोधनासाठी बिननावी राहिले होते. एरवी जुळवणीचा प्रोग्रॅम दोन्ही फाइली ताडून बघतो आणि ज्याला नाव नाही तो नंबर मुकाट्याने गाळतो. या आठवड्यात गाळायला नावांची फाइलच नव्हती. ती बिघडली नसती, तर दादासाठी कुणी नाही, एवढं पहिल्याच दिवशी कळलं असतं.

"लंबू, तुझ्यामुळे काही गेलं नाही," ती म्हणाली. "हा आपल्याकडे नव्हताच." लंबू टेबलावर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला. तिला त्याचा हेवा वाटला.

डॉक्टरबाईंनी ओळ वाचली आणि चष्मा काढला. "पुसून टाक. तो आपल्याला माहीत नाही."

"माझा भाऊ आहे हो, डॉक्टर."

"म्हणून तर सांगतेय."

धाकटी जिन्यात गेली आणि तिने फोन लावला. आजवर ज्याच्यावरून ती लोकांना धारेवर धरत आली, तेच ती करत होती, आणि तिला त्याची लाज वाटत नव्हती.

फोन पुरुषाने उचलला. तिने केंद्राचं नाव सांगितलं.

"मी नाव काढायला सांगितलं होतं. काढलं म्हणून तुमचं पत्रही आलं होतं."

"काढलं होतं. मीच काढलं होतं."

"मग नंबर कुठून मिळाला?"

"पेशंट माझा भाऊ आहे," ती म्हणाली. "तुमच्याशिवाय दुसरं कुणी नाही."

"बाई, मी भित्रा माणूस आहे." तो म्हणाला. "नाव दिलं आणि रोज वाटायचं, आज फोन येणार, सुईखाली झोपायला बोलावणार. तुमचं पत्र आलं त्या दिवशी मला झोप लागली. हे तुम्ही मला सांगायला नको होतं. आता मी काय करू?" आणि त्याने फोन ठेवला. पुन्हा लावला तेव्हा तो बंद होता.

ती जागेवर आली आणि त्या ओळीवर तिने शून्यं लिहिली, डिस्कवरही आणि कॉपीवरही. या वेळी तिने त्याला खरोखर पुसला.

हॉस्पिटलात वहिनी पाणी आणायला गेली होती. दादाने डोळे उघडले. "सापडला का माझा जुळा?"

"नाही रे अजून."

"असू दे. पण आहे ना कुठेतरी? बरा आहे ना?"

"आहे, दादा. बरा आहे. जरा घाबरट आहे, इतकंच."

बोलून गेल्यावर तिने ओठ चावला. दादा तिच्याकडे बघत राहिला. बहिणीचा चेहरा वाचायला त्याला कधीच वेळ लागला नव्हता.

"नाही म्हणाला?"

"फोनच ठेवला त्याने," म्हणताना धाकटीला रडू फुटलं. दादाने तिचा हात धरला. त्याच्या हातात धरण्याएवढंही बळ नव्हतं.

"मीपण ठेवला असता गं फोन," तो म्हणाला. "रक्त एकच ना आमचं."

बाहेर वहिनीच्या चपला वाजल्या. दादाने तिचा हात सोडला. "हिला मात्र सांग, अजून शोधतेय म्हणून."

वहिनी आत आली, आणि बाटली खाली ठेवायच्या आधीच तिने विचारलं, "काही कळलं का?"

"शोधतेय, वहिनी," धाकटी म्हणाली.