शिंगराशिवाय पान्हा

बुबूकानचा शब्द डोंगरातल्या सुसामीरच्या उन्हाळी कुरणावर कोणी मोडत नसे. तिच्या अकरा दुभत्या घोड्यादेखील तिचा हात लागताच पान्हा सोडतात, असा तिचा लौकिक होता. आणि अशा घरात तिची सून गुलायिम पहिलटकरीण म्हणून वावरत होती.

बाळंतपण खालच्या गावच्या दवाखान्यात झाले. दुसऱ्या दिवशी तिला जीपमध्ये घालून वर कुरणावर आणले. तंबूत पाऊल पडते न पडते तोच सासूने, बाजारात घोडी पारखावी तशी, तिची छाती दाबून पाहिली. बोटावर पिवळसर, चिकट असे दोन थेंब आले.

"एवढंच?" बुबूकान म्हणाली. "तुझ्या आईला चीक तरी होता का गं, का तुलाही कोरडंच वाढवलं?"

"हा चीकच आहे, आपा," गुलायिम सासूला म्हणाली. "तो थोडाच असतो. दाई म्हणाली, पोर पीत राहिलं की चौथ्या दिवसापर्यंत दूध उतरतं."

"दाईनं किती जन्माला घातली? मी सात घातलीत. रिकामी घागर उपडी करत बसलं तर भरते का? आधी साचू दे."

तिने मुलाच्या ओठांना लोणी लावले, त्याला उचलले आणि पलीकडच्या आपल्या तंबूत नेले. जाता जाता बजावले, "परवा दुपारपर्यंत बघीन. नाहीतर पोर माझं. थोरलं नातवंड आजीचंच असतं, ही आमची रीत."

रीत होती खरी. पण ती अंगावर पिणं सुटलेल्या पोराची, आणि तीही आईकडून मागून घेण्याची. एवढे गुलायिमलाही ठाऊक होते. तिने नवऱ्याकडे पाहिले. एर्मेक खोगिराचा पट्टा चाचपत म्हणाला, "आईपुढं मी काय बोलू?"

"काही बोलू नकोस. तुला कुणी बोलायला सांगितलंय?"

दोन दिवस मूल बाटलीतले पातळ केलेले गाईचे दूध पीत राहिले आणि रडत राहिले. ते रडणे दोन तंबूंच्या जाड लोकरी नमद्यातून झिरपून गुलायिमच्या कानी येई, तेव्हा तिच्या छातीत मुंग्या धावत आणि सदरा ओला होई. चौथ्या दिवशी सकाळी तिची छाती दगडासारखी टणक झाली होती. सासू आली, तिने दाबले, पिळले. गुलायिमचे सारे अंग आखडले. थेंब आला नाही.

"आटली," बुबूकान म्हणाली. "दगडाला कुठं दूध फुटतं!"

गुलायिमने डोळे मिटून घेतले. हा हात तिला परका होता, आणि शरीराला परका हात कळतो.

दुपारी बाळ पाहायला शेजारच्या तंबूंतल्या बाया जमल्या. त्यांच्यासमोर बुबूकान बदामी घोडीपाशी एक गुडघा टेकून, मांडीवर बादली तोलून बसली. दावणीचे शिंगरू सोडून आधी आईला लावले. पान्हा फुटताच एर्मेकने ते ओढून घोडीच्या डोळ्यांसमोर धरले. पहिली धार बादलीत वाजली.

तेवढ्यात गुलायिम बाहेर आली. चाळीस दिवसांच्या आत बाळंतीण उघड्यावर! बायांची कुजबुज थांबली. ती थेट नवऱ्यापाशी गेली आणि तिने दोराला हात घातला.

एर्मेकने एकदा आईच्या पाठीकडे पाहिले. मग दोर सोडला.

गुलायिमने शिंगरू तंबूआड नेले. घोडी खिंकाळली, कान मागे पाडले, पोट आवळून धरले. धार बारीक झाली आणि तुटली. बुबूकानने सडांना हात चोळला, चुचकारले, शिवीही दिली. बादलीचा तळ जेमतेम ओला होता.

"शिंगरू कुठं गेलं? आण इकडं!"

"कशाला, आपा?" तंबूच्या कडेला उभी राहून गुलायिम म्हणाली. "साचू दे की आधी."

बायांतल्या झूरा म्हातारीने आपल्या बोळक्या तोंडावर रुमालाचा पदर धरला, पण हसू आवरले नाही. "अगं बुबूकान, घोडी आटली वाटतं तुझी!"

"ही आटलेली नाही! पान्हा चोरलाय तिनं. पोर दिसल्याबिगर घोडी..." बुबूकानचे वाक्य तोंडातच राहिले.

तिच्या तंबूत मूल रडू लागले होते. सगळ्यांच्या देखत गुलायिमच्या सदऱ्यावर दोन काळसर डाग उमटले आणि पसरत कमरेकडे उतरले. तिने ते झाकले नाहीत.

"शिंगरू दे," बुबूकान दबक्या आवाजात म्हणाली.

"आधी माझं."

बुबूकानचा जबडा हलला. एवढ्या बायांदेखत तिच्याकडे आजवर कोणी काही मागत उभे राहिले नव्हते. ती उठली, बादली लाथेने बाजूला सारली, तंबूत गेली आणि मूल स्वतःच्या हाताने आणून तंबूच्या कडेला खाली बसलेल्या सुनेच्या मांडीवर ठेवले. ठेवले म्हणण्यापेक्षा टाकले.

मुलाने तोंड फिरवले, शोधले, धरले. पहिल्या ओढीसरशी गुलायिमचे गर्भाशय मुठीसारखे आवळले. कळ कमरेतून मांड्यांत उतरली. तिने ओठ चावला. मूल घटाघट गिळू लागले.

सासू वरून पाहत होती. "दुखतंय?"

"हो."

"दुखू दे," बुबूकान म्हणाली आणि तिच्या हातातला शिंगराचा दोर हिसकावून घेऊन घोडीकडे चालती झाली.