एक बोट कमी

“तिसरं सत्र संपलं. एकदाही बोलावलं नाही,” थर्मन पिकेट म्हणाला आणि साखळीवरची नसलेली धूळ पुसू लागला.

“बोलावतील रे. अजून एक सत्र आहे,” मी म्हणालो.

आम्ही मैदानाच्या कडेला उभे होतो. दहा यार्डांच्या साखळीची पुढची काठी माझ्याकडे, मागची आमच्या सोबत्याकडे, आणि साखळीवरचा चिमटा थर्मनकडे. अमेरिकन फुटबॉलमध्ये चार प्रयत्नांत चेंडू दहा यार्ड न्यावा लागतो, नाहीतर तो समोरच्या संघाला जातो. दहा यार्ड झाले की नाही हे डोळ्यांना ठरवता आलं नाही, तर पंच आम्हाला आत बोलावतो. थर्मन चिमटा नेमक्या रेषेवर टेकवतो, आम्ही साखळी ताणतो, निकाल लागतो. पुढच्या वर्षीपासून हे कॅमेरे करणार होते. थर्मनला शेवटचं एकदा आत जायचं होतं, बस.

आमच्या हार्लन क्रीक गावचा ‘रताळे बाऊल’ सामना एकसष्ट वर्षांचा. दरवर्षी डिसेंबरात बाहेरची दोन कॉलेजं बोलवायची आणि एक सामना भरवायचा, हा आमच्या मिसिसिपीतल्या रताळ्याच्या व्यापाऱ्यांचा उद्योग. पुढे टायरवाल्यांनी नाव विकत घेतलं, मग गादीवाल्यांनी. यंदा तो कुत्र्यांच्या बिस्किटांचा आहे. एका वर्षी इतकं धुकं पडलं की उत्तरार्ध कोणालाच दिसला नाही. त्या सामन्याचं डोळ्यांदेखतचं वर्णन करणारे मात्र गावात सर्वाधिक. नावं बदलत गेली. साखळी तीच राहिली, आणि चव्वेचाळीस वर्षं थर्मनही. एरवी तो घरोघरचे पाण्याचे मीटर वाचायचा.

यंदा प्रथमच आमचं मॅकरे कॉलेज खेळत होतं, समोर ओहायोचं एक कॉलेज. शेवटचं मिनिट. आम्ही चार गुणांनी मागे. मॅकरेचा चौथा प्रयत्न झाला, चेंडूवर माणसांचा ढीग पडला. पंचाने एकेकाला उपसून काढलं, वाकून पाहिलं, डोकं खाजवलं आणि आमच्याकडे हात केला.

“या, पिकेटसाहेब.”

थर्मनने टोपी सरळ केली. तीस हजार माणसं उठून उभी राहिली.

मॅकरेचा कप्तान थर्मनच्या कानाशी वाकला. “काका, चिमटा दोन बोटं मागे घ्या ना. तुम्ही तर आमचेच!”

“तुझ्या आजीचा मीटर तीस वर्षं वाचला, बाळा. थेंब कमी लिहिला नाही. विचार तिला.”

त्याने चिमटा रेषेवर टेकवला. मी साखळी ताणली. चेंडू माझ्या काठीच्या एक बोट मागे होता. चेंडू ओहायोवाल्यांना मिळाला. सामना संपल्यातच जमा.

मग जो काही गिल्ला झाला! सगळं स्टेडियम आमच्या नावाने शिमगा करत होतं. सर्वांत वरचा आवाज तिसऱ्या रांगेतून, मॅकरेच्या खाणावळीत जन्म काढलेल्या थर्मनच्या बायकोचा, ऑर्लीनचा.

“आंधळ्या मेल्या! घरी ये, मग बघते तुला!”

“मनावर घेऊ नकोस,” मी म्हणालो.

“मनावर? अरे, चव्वेचाळीस वर्षांत कोणी बघितलं होतं का आपल्याकडे?” थर्मन म्हणाला. “आज बघ. एकाची नजर हलत नाहीये.”

त्याने बायकोच्या दिशेने टोपी उचलली. मग कडेपर्यंतचं अंतर सावकाश, ताठ मानेने चालला. साखळी गवताला लागू नये म्हणून त्याने ती दोन्ही हातांवर घेतली होती, नवरीच्या झग्याचा घोळ धरावा तशी.