रोजच्या दोन रिकाम्या ओळी

कॉलेजात मला पाठीमागे 'रुमालसर' म्हणतात. समोर म्हणायची कुणाची छाती नाही अशी माझी समजूत होती. आमच्या विभागातल्या आवकबाईंनी सांगितलं की समोरही म्हणतात, माझं लक्ष नसतं. विद्यार्थी कल्याण विभागाचा मी प्रमुख. टेबलावर कागदी रुमालांचा डबा, समोर दोन मऊ खुर्च्या, आणि महिन्यात किती जण रडून गेले याची नोंद माझ्या डायरीत. गेल्या वर्षी एकशे बारा. त्यात तीन वेळा मी स्वतःलाही धरलंय.

पण खरा अभिमान मला होता तो मासिक अहवालातल्या एका रकान्याचा. 'मुदतीनंतर आलेले अर्ज: शून्य.' सलग सात वर्षं शून्य. बाकीच्या विभागांत तीस-चाळीस अर्ज उशिरा येतात, परत जातात, आईवडील भांडायला येतात. आमच्याकडे एक नाही. या एका शून्यावर मी गावोगावच्या कॉलेजांत 'करुणामय नेतृत्व' या विषयाची व्याख्यानं झोडली. पडद्यावर भलंमोठं शून्य, त्याच्या खाली मी. "मुलांना मायेनं वागवा, ती आपोआप वेळ पाळतात," असं मी सांगायचो आणि लोक लिहून घ्यायचे. एकदा एका प्राध्यापिकेनं विचारलं, "आपोआप म्हणजे नेमकं कसं?" मी डोळे मिटून म्हणालो, "ते अनुभवावं लागतं." टाळ्या पडल्या.

ते शून्य कुठे तयार होत होतं हे मला एका मंगळवारी सकाळी सव्वादहाला कळलं.

आवकबाई म्हणजे आमचं आवक रजिस्टर सांभाळणाऱ्या. येईल त्या अर्जाला पुढचा नंबर द्यायचा, तारीख टाकायची, शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. नोकरी कंत्राटी, दर अकरा महिन्यांनी नवा कागद. घरात सासू आणि दोन मुली, कमावत्या त्या एकट्या. त्या दिवशी त्या माझ्या खोलीत आल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

"सर, परीक्षा विभागानं मला पकडलंय."

"कशात?"

"पुनर्परीक्षेचा एक अर्ज. मी आवक तारीख टाकली चौदा. त्याला जोडलेलं डॉक्टरचं सर्टिफिकेट निघालं सोळाचं."

मी बोटांवर हिशेब केला. "म्हणजे अर्ज आधी आला आणि सर्टिफिकेट नंतर तयार झालं?"

"अर्ज सतराला आला हो. मुदत चौदाला संपली होती. मी घाईत सर्टिफिकेट बघितलंच नाही."

"मग रजिस्टरात चौदा तारखेला जागा कुठून आली?"

त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या, जसं एखाद्यानं रोज तीन वेळा जेवून 'स्वयंपाक कोण करतं?' विचारावं.

"रोज संध्याकाळी मी दोन ओळी रिकाम्या सोडते. नंबर घालून. कुणी उशिरा आलं की त्यात बसवते. पंधरा दिवसांत कुणी आलं नाही, तर लाल शाईनं 'रद्द' लिहून टाकते."

"कधीपासून?"

"तुम्ही आल्यापासून. पहिल्याच महिन्यात एक मुलगी एक दिवस उशिरा आली होती. घ्यायचा का अर्ज, मी विचारलं. तुम्ही तिला रुमाल दिलात, पाणी दिलंत, 'मला फार वाईट वाटतंय' म्हणालात. आणि अर्ज परत दिलात."

"मग?"

"मग काय! दुसऱ्या दिवसापासून ओळी सोडायला लागले."

चार वाजता प्राचार्या मॅडमनी आम्हा दोघांना बोलावलं होतं. बाईंचा नवा कागद त्याच आठवड्यात सहीला मॅडमच्या टेबलावर पडलेला. मॅडम मला विचारणार होत्या एवढंच, की हे तुम्हाला माहीत होतं का. आणि मला खरोखरच माहीत नव्हतं. आयुष्यात इतकं स्वच्छ, इस्त्री केलेलं खरं माझ्या हाती पूर्वी कधी लागलं नव्हतं. 'नाही' म्हणायचं, हळहळायचं आणि घरी यायचं.

दुपारी जेवायला घरी गेलो. बायको मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशनच्या खोलीतली सिस्टर, त्या दिवशी रात्रपाळी म्हणून घरी होती. भांडी विसळता विसळता तिनं सगळं ऐकून घेतलं.

"अहो, खरं सांगितलंत तर तुमचं काय जाईल?"

"काही नाही."

"आणि त्यांचं?"

"नोकरी."

"मग एवढा कसला विचार चाललाय? मोठमोठ्यानं व्याख्यानं देता ना? त्यात काय सांगता, हवामान?"

"अगं, पण खोटं बोलायचं म्हणजे..."

"त्या शून्याखाली सात वर्षं उभे होतात तेव्हा काय बोलत होतात?" असं म्हणून तिनं माझ्या पुढ्यातलं ताटही उचललं. भात अजून अर्धा होता.

चार वाजता मॅडमनी रजिस्टर मधोमध उघडून ठेवलं होतं. मॅडम मुळात गणिताच्या. कुणी रडायला लागलं तर त्या घड्याळाकडे बघतात. दीड मिनिटानं विचारतात, "झालं?"

"या रिकाम्या ओळी तुम्हाला माहीत होत्या?" त्यांनी मला विचारलं.

"मीच सोडायला सांगितल्या," मी म्हणालो.

बाईंनी मान इतक्या झटकन वळवली की त्यांच्या कानातलं हललं. हे बोलण्यामागे करुणा किती होती आणि शून्याचं श्रेय हातचं जाऊ नये ही हाव किती, ती वजाबाकी मी अजून केलेली नाही. उत्तर काय येईल याची भीती आहे.

"तुम्ही? तोंडी सांगितलंत?"

"तोंडीच."

"रोज किती?"

"दोन."

"दोनच का? तीन का नाहीत?"

"दोन... पुरतात."

"आणि शुक्रवारी?"

मी गडबडलो. शुक्रवारचं वेगळं काही असेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. "शुक्रवारीही दोनच."

"चार, सर," बाई खाली मान घालून म्हणाल्या. "पुढे दोन दिवस सुट्टी असते म्हणून. तुम्हीच सांगितलं होतंत."

"हां, हां. चार."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्यांना सगळं कळलं होतं. बोलल्या मात्र दुसरंच. कपाटातून नियमांची पुस्तिका काढून त्यांनी माझ्यापुढे सरकवली. "अकरावा नियम वाचा. मोठ्यानं."

मी वाचलं. 'विभागप्रमुख, कारण लेखी नोंदवून, स्वतःच्या सहीने कोणताही विलंब माफ करू शकतील.'

"एका सहीचं काम होतं," मॅडम म्हणाल्या. "मग सात वर्षं ही नक्षी कशासाठी?"

नियम मला माहीत नव्हता असं नाही. रुजू झालो त्या आठवड्यात वाचला होता. 'स्वतःच्या सहीने' हे शब्द आले तिथेच पुस्तिका मिटली होती.

"सही केली की उद्या कुणी विचारलं तर उत्तर मला द्यावं लागेल," मी म्हणालो. त्या खोलीत मी बोललेलं तेवढं एकच खरं वाक्य.

निकाल दहा मिनिटांत लागला. मला लेखी ताकीद. रिकाम्या ओळी त्याच क्षणी बंद. बाईंच्या कागदावर मॅडमनी आमच्या देखत सही केली. सह्या करताना त्यांनी हात कधी आखडता घेतलाच नाही.

बाहेर व्हरांड्यात मला वाटलं, बाईंचे डोळे भरून येतील. मी खिसा चाचपलाही.

"सर, नोकरी राहिली. उपकार झाले," त्या म्हणाल्या. "पण ओळी माझ्या होत्या हो. शुक्रवारच्या चारसुद्धा."

"सांगतो मॅडमना जाऊन."

"नको, आता गप्प राहा. पण माझ्या टेबलाशी एक मुलगी तासभर बसलीय, तीन दिवस उशीर करून. आज बसवणार होते. आता कुठे बसवू?"

मुलगी बाईंच्या टेबलापाशी उठून उभी राहिली, उंच, पाठीवर जड बॅग. सुट्टीत वसतिगृहात राहू द्यावं असा अर्ज.

"उशीर का झाला?"

"विसरले."

"आजारी वगैरे होतीस?"

"नाही."

"घरी काही अडचण?"

"घरचे मजेत आहेत. भाड्याची जागा सोडून मावशीकडे गेलेत, तिथे मला झोपायला जागा नाही. म्हणून राहायचंय. तारीख मात्र विसरले."

या कारणाला अश्रूचा एक थेंब नव्हता. माझ्या सात वर्षांच्या अनुभवात असं कारण नोंदवायची पद्धत नव्हती. बाई शिक्का हातात धरून माझ्याकडे बघत होत्या. मी पेन उघडलं आणि अर्जाच्या समासात लिहिलं, 'विद्यार्थिनी तारीख विसरली. तिला राहायला दुसरी जागा नाही. विलंब माफ.' खाली सही केली. कोपऱ्यात, मुंगीएवढी.

बाईंनी अर्ज उजेडाकडे धरला.

"ही कुणाची आहे ते कळत नाहीये, सर."

मी अर्ज परत घेतला आणि खाली पूर्ण नाव लिहिलं.