खाकी शर्टावरची खूण

मित्रांनो, मला एका हाताने उचलायला जाऊ नका, मनगट दुखेल. मी जुन्या काळची पितळी इस्त्री आहे. तुमच्या घरातली इस्त्री बटण दाबले की तापते. माझ्या पोटात मात्र पेटते कोळसे भरावे लागत. मग मला दाराबाहेर नेऊन झोके द्यायचे, म्हणजे बाजूच्या भोकांतून वारा शिरायचा आणि निखारे लालबुंद व्हायचे.

नाशिकच्या तांबट आळीजवळ एका लहानशा कारखान्यात मला साच्यात ओतले. माझ्या झाकणाच्या खिटीवर एक चिमुकला पितळी कोंबडा बसवलेला आहे. कारागिराच्या मुलाने विचारले होते, "बाबा, इस्त्रीवर कोंबडा कशाला?" कारागीर म्हणाला, "जिला कडक कपडे करायचेत, तिला पहाटे उठायला नको?"

१९८९ साली भांडी बाजारातल्या एका दुकानातून मला सहादू खैरनार नावाच्या तरुण पोलीस शिपायाने विकत घेतले. त्याचे नुकतेच लग्न झाले होते. बायकोला, सुवर्णाला, तो काहीतरी छान वस्तू आणतो म्हणून सांगून गेला होता. पिशवीतून मी बाहेर निघाले तेव्हा ती माझ्याकडे बघतच राहिली.

"हे छान?" ती म्हणाली. "मला वाटलं, पैठणी आणाल."

"पैठणी वर्षातून एकदा नेसशील. ही रोज हातात येईल," सहादू म्हणाला आणि स्वतःच हसला.

त्याचे म्हणणे खरे ठरले. पोलीस लाइनीतल्या त्या दीड खोलीत मी रोज हातात येऊ लागले. जमिनीवर घोंगडी, तिच्यावर जुनी चादर, शेजारी पाण्याचा तांब्या आणि तांदळाच्या पेजेची खळ. शुक्रवारी परेड असायची, म्हणून गुरुवारी गणवेशाची खास इस्त्री. ओल्या खाकीवरून मी फिरले की गरम वाफ उठायची. पेजेचा आणि कोळशाचा तो मिसळलेला वास मला अजून आठवतो.

सुवर्णाचा हात मोठा सुरेख होता. तो कापडावर कधी थांबत नसे. इस्त्री थांबली की कापड जळते, हे तिला कुणी शिकवावे लागले नाही. पाच वर्षांत तिने एक बाहीसुद्धा करपवली नाही. शेजारच्या वत्सलाबाई, एका हवालदाराची पत्नी, दारातून डोकावून म्हणायच्या, "अगं सुवर्णा, सहादूच्या पॅन्टीला अशी घडी घालतीस, त्या घडीनं मी कांदा चिरीन! आमच्या ह्यांची पॅन्ट बघ, नुसती उशीची खोळ हाय."

एकदा परेडला मोठ्या साहेबांनी सहादूला विचारले, "खैरनार, गणवेश कुठे इस्त्री करता?" सहादूने टाच जुळवून उत्तर दिले, "साहेब, घरच्या खात्यात!" हे त्याने घरी येऊन इतक्या वेळा सांगितले की मला पाठ झाले.

इस्त्री करता करता दोघांच्या गप्पा चालत. सुवर्णा शाळेत असताना सटाण्याच्या स्पर्धेत धावण्यात पहिली आली होती. बारावीही झाली होती. सहादू तिला चिडवायचा, "तू भरती झाली असतीस ना, तर मला तुला सलाम ठोकावा लागला असता."

"मग ठोका की आत्ताच," ती म्हणायची. आणि तो खरेच सलाम ठोकायचा. त्यांची लहानगी हर्षाली टाळ्या वाजवायची. तिला मी 'कोंबड्याची इस्त्री' म्हणून ठाऊक होते.

मित्रांनो, आता मला सांगावे लागेल ते सांगते. १९९४ च्या ऑगस्टमधला तो गुरुवार होता. सहादू आग्रा रोडवर नाकाबंदीच्या कामावर होता. दुपारी घरी येऊन झोपायचे आणि दुसऱ्या दिवशी परेडला जायचे, असे ठरले होते. म्हणून सुवर्णाने सकाळीच गणवेश इस्त्री करून खुंटीला टांगला. मी अजून गरम होते, तेवढ्यात दारात चार पोलीस येऊन उभे राहिले. एक भरधाव ट्रक हात दाखवूनही थांबला नव्हता.

पुढच्या दिवसांचे मी फार सांगणार नाही. गणवेश खुंटीलाच राहिला. त्याला हात लावायचे धाडस कुणाला झाले नाही. एकवीस ऑक्टोबरला, पोलीस स्मृतिदिनी, मैदानावर त्या वर्षी देशभरात कामावर असताना गेलेल्या पोलिसांची नावे वाचली. त्यात सहादूचेही नाव होते. सुवर्णा पांढऱ्या कापडाने झाकलेल्या खुर्चीवर बसून ऐकून आली.

त्यानंतर कचेरीतले एक वयस्कर लेखनिक कागद घेऊन घरी आले. पोलीस कामावर असताना गेला, तर सरकार त्याच्या कुटुंबाला आधार देते. काही रक्कम मिळते, दरमहा निवृत्तिवेतन सुरू होते, आणि घरातल्या एका माणसाला नोकरी मिळू शकते. त्या नोकरीला अनुकंपा नोकरी म्हणतात. लेखनिकांनी सगळे सावकाश समजावले. सुवर्णा खाली मान घालून म्हणाली, "सरकारचे फार उपकार."

"वहिनी, उपकार म्हणू नका," ते म्हणाले. "सहादूनं जे द्यायचं ते आधीच देऊन टाकलंय. हे त्यापुढे थोडंच आहे. फक्त एक लक्षात ठेवा. नोकरी एकालाच मिळेल. कुणाला, ते तुमच्या घरात ठरवा, आणि तुमच्या सहीनं कळवा."

घरात ठरवा! घरात तर ते कधीच ठरून गेले होते. नामपूरहून सहादूचे वडील, चिमाजी आबा, आणि गावी कांद्याची शेती करणारा धाकटा भाऊ दीपक आले होते. नोकरी दीपक घेणार, सुवर्णा संमतीच्या कागदावर सही करणार, आणि हर्षालीला घेऊन नामपूरला राहायला जाणार. आबा दुष्ट मुळीच नव्हते. पोराच्या जागी पोरगा, एवढेच त्यांना सुचले होते. सुवर्णाला कुणी विचारले नव्हते आणि तिनेही काही म्हटले नव्हते. ती प्रत्येक गोष्टीला "बरं" म्हणत होती.

मला मात्र शंका होती. दुपारी घरात कुणी नसले की ती खुंटीवरच्या गणवेशापुढे उभी राहायची. एकदा तर टाच जुळवून उभी राहिली होती.

कचेरीत जायच्या दिवशी सकाळी आबा म्हणाले, "सूनबाई, खुंटीवरना तो डगला उतार. धूळ बसेल शे. जरा इस्त्री फिराव. दीपक कामवर लागना म्हणजे पहिल्या दिवशी भाऊनाच डगला घालीन." नामपूरकडे, बागलाणात, आबांच्या अहिराणी बोलीत 'आहे'ला 'शे' म्हणतात आणि शर्टाला 'डगला'.

सुवर्णा "बरं" म्हणाली. माझ्यात निखारे भरले, झोका दिला, घोंगडी अंथरली. शर्ट पसरला. दोन महिन्यांनी मी त्या खाकीला भेटत होते. कॉलर झाली, बाह्या झाल्या. मग पाठ आली. तेवढ्यात हर्षाली दारातून आत आली आणि म्हणाली, "आई, वत्सलाआजी म्हणते आपण गावाला जाणार. मग माझ्या बालवाडीत माझ्या जागेवर कोण बसणार?"

सुवर्णाचा हात थांबला.

मित्रांनो, मी बोलू शकत नाही, हे माझे सर्वांत मोठे दुःख त्या दिवशी मला कळले. मला ओरडायचे होते, "उचल मला, उचल!" पण ती दाराकडे बघत राहिली आणि मी आपले काम करत राहिले. आधी वाफ आली, मग धूर आला.

"वहिनी! जळतंय!" दीपक धावला. सुवर्णाने मला उचलले. शर्टाच्या पाठीवर, बरोबर मधोमध, माझा तपकिरी ठसा उमटला होता. पुढे टोकदार, मागे रुंद. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

वत्सलाबाई धुराच्या वासाने धावत आल्या. "अगं बाई! तुझ्या हातनं? पाच वर्षांत नाय झालं ते?" आबा रागावतील असे सगळ्यांना वाटले. ते पुढे आले, शर्ट हातात घेतला, ठशावरून अंगठा फिरवला. मग जमिनीवर तिच्यासमोर बसले.

"पोरी," ते म्हणाले, "तुन्हा हात कधीच थांबत नही. आज का थांबना? तुन्हा मनमा काय शे?"

माझ्या पोटातला एक कोळसा तडकला.

"आबा, मला सही करायची नाही," सुवर्णा म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक होता की वत्सलाबाई पुढे वाकल्या. "ती नोकरी मला करायचीय. मी धावते. मी शिकलेली आहे. हर्षालीला मी इथंच वाढवीन. तुम्हाला आणि गावाकडं सासूबाईंना कधी उपाशी ठेवणार नाही."

"मंग इतला दिवस बोलनी का नही?"

"कुणी विचारलंच नाही, आबा."

आबांनी शर्टाची घडी करून ती तिच्या मांडीवर ठेवली. दीपक उठून बाहेर निघून गेला. त्याचेही चुकले नव्हते, मित्रांनो. त्या नोकरीच्या भरवशावर त्याचे लग्न जुळत आले होते. त्याने मनात गणवेश घालूनही पाहिला असेल. तासभर तो आला नाही. सुवर्णा तो जळका शर्ट मांडीवर घेऊन बसून राहिली. मी थंड होत गेले.

मग दीपक आला. डोळे लाल होते. चपला काढता काढता म्हणाला, "वहिनी, बसून काय राहिलात? कचेरी बंद होईल. अर्ज कोण लिहिणार, मी?" आणि वत्सलाबाईंकडे बघून म्हणाला, "काकू, तुमच्या ओळखीत कांदेवाल्याला मुलगी देणारं कुणी असेल तर बघून ठेवा."

"बघते की," वत्सलाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "पण पॅन्टीला इस्त्री करून ये म्हणावं!"

पुढे कागद हलायला वेळ लागला. खेटे घालावे लागले. पण उंची मोजली गेली, धावण्याची चाचणी झाली, आणि सुवर्णा पास झाली. चाचणीआधी ती रोज सकाळी मैदानावर साडी खोचून धावायची. काही बायका हसल्या. वत्सलाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हसताय काय? पळा की तिच्यासंगं. लय वजन वाढलंय सगळ्यांचं!" ती प्रशिक्षणाला गेली तेव्हा हर्षालीला वत्सलाबाईंनी सांभाळले. परत आल्यावर मी तिच्या स्वतःच्या गणवेशाला घडी घातली. तो माझ्या आयुष्यातला सर्वांत अभिमानाचा दिवस होता.

मग काळ बदलला. १९९८ साली घरात विजेची इस्त्री आली, हलकी आणि निळ्या मुठीची. दीपकनेच ती आणली, कांद्याला चांगला भाव मिळाला त्या वर्षी. मला त्यात वाईट वाटून घेण्यासारखे काही नव्हते. सुवर्णाची ड्यूटी सकाळी लवकर असे, कोळसे पेटवत बसायला वेळ कुठला? तिने मला पुसले, एका कापडात गुंडाळले आणि माळ्यावर ठेवले. ते कापड म्हणजे तो जळका शर्ट होता. अंधारात सात वर्षे मी माझ्याच चुकीला चिकटून पडून होते. पितळ काळे पडले. माझ्या पोटात एक कोळी राहायला आला.

२००५ चा ऑक्टोबर उजाडला. तुमच्या घरातल्या मोठ्यांना विचारा, तेव्हा वीज किती वेळ जायची. भारनियमन म्हणत त्याला. एकवीस तारखेला, स्मृतिदिनाच्या सकाळी, सुवर्णा मानवंदना देणाऱ्या तुकडीत उभी राहणार होती, आणि तिचा गणवेश चुरगळलेला होता. आदल्या दिवशी ती बंदोबस्तावर होती. निळ्या मुठीची इस्त्री मुकाट पडली होती.

"आई, कोंबड्याची इस्त्री!" हर्षाली ओरडली. ती आता चौदा वर्षांची होती. स्टुलावर चढून तिने मला खाली काढले, कोळ्याला हळूच बाहेर सोडले आणि कापड उलगडले. तपकिरी ठसा बघून ती थबकली. मग मला उचलून तिने त्या ठशावर ठेवले.

"बरोब्बर बसते गं, आई! हे काय आहे?"

निखारे पेटेपर्यंत सुवर्णाने तिला सगळे सांगितले. मी आता तुम्हाला सांगितले तेच. हर्षाली ऐकत राहिली. शेवटी तिने एकच प्रश्न केला.

"आणि आजोबांनी विचारलं नसतं तर?"

सुवर्णा मला झोका देत होती. ती थांबून म्हणाली, "तर मी सही केली असती."

हर्षालीने मला आईच्या हातातून घेतले. त्या दिवशी गणवेशाची इस्त्री तिने केली. पहिल्यांदाच करत होती, घड्या काही वत्सलाबाईंना कांदा चिरता येईल अशा नव्हत्या. पण हात थांबला नाही.

मित्रांनो, मला घासूनपुसून फळीवर मांडा, असा हट्ट मी धरणार नाही. माझे काम झाले आहे. एवढेच सांगते, भर उन्हात चौकात उभा असलेला पोलीस दिसला, की त्याचा गणवेश घरी कुणीतरी इस्त्री केलेला असतो, हे आठवा. आणि कामावर गेलेला माणूस ज्या घरी परत आला नाही, त्या घरी कधी जाल, तर त्यांच्या वतीने सगळे ठरवून जाऊ नका. जवळ बसा आणि विचारा, तुझ्या मनात काय आहे? चिमाजी आबांनी विचारले, म्हणून एक घर उभे राहिले. मी आयुष्यभर बोलू शकले नाही. तुम्हाला तर तोंड आहे.

मी पुन्हा त्याच शर्टात गुंडाळलेली आहे, पण आता खिडकीजवळच्या फळीवर. हर्षालीने चिंचेने मला लख्ख घासले. शर्ट गुंडाळताना सुवर्णाने तो डाग नेहमी आत ठेवला होता. हर्षालीने तो बाहेर ठेवला आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा.