तिसरी बाटली

शालूबाईंना तीन दिवस ताप होता, लघवीला जळजळ होती. पण सोयाबीनची सोंगणी सोडून दवाखान्यात जायला त्या तयार नव्हत्या. चौथ्या दिवशी सकाळी त्या असंबद्ध बरळू लागल्या, तेव्हा भगवानरावांनी बायकोला जीपमध्ये घालून अमडापूरहून थेट चिखलीचा दवाखाना गाठला.

डॉक्टर योगिनीने बीपी पाहिलं. वरचं सत्तर. "लघवीतला संसर्ग रक्तात गेलाय," ती म्हणाली. अँटिबायोटिक टोचून तिने रिंगर लॅक्टेट या सलाईनच्या बाटल्या मागवल्या.

भगवानरावांचं समाधान होईना. "मॅडम, ते पिवळी सलाईन लावा ना. आमच्या नारायणरावाले लावली, तं दुसऱ्या दिवशी वखर हाकत होता."

"त्यात व्हिटॅमिन असतं, काका. त्यानं बीपी चढत नाही. आणि साधी सलाईन, म्हणजे नुसतं मिठाचं पाणी, खूप दिलं तर रक्तातला आम्लपणा वाढतो. या बाटलीतलं पाणी रक्ताला जास्त जवळचं आहे."

दोन बाटल्या गेल्या, बीपी ऐंशीवर अडकलं. तिसरी द्यावी का?

"काका, काकूंचे पाय वर उचलून धरा. पायातलं रक्त हृदयाकडे येईल. बीपी चढलं तर अजून पाणी पाहिजे. नाही चढलं तर जास्तीचं पाणी फुफ्फुसात साचेल."

भगवानराव थबकले. तीस वर्षांच्या संसारात बायकोच्या पायाला त्यांनी कधी हात लावला नव्हता, आणि इथं तर वॉर्डातल्या साऱ्या बाया टक लावून बसलेल्या. पण धरले. मिनिटभरात बीपी ब्याण्णव.

"लावा तिसरी," डॉक्टर म्हणाली.

तिसरी संपल्यावर पुन्हा पाय उचलले. या वेळी आकडा हलला नाही.

"बस. आता बीपी चढवायचं औषध."

"हात आखडू नका, मॅडम. अजून दोन लावा."

"वाफ्यात पाणी तुंबल्यावर मोटर चालू ठेवता का तुम्ही?"

"नाही," भगवानराव हळूच म्हणाले.

छोट्या पंपातून औषध थेंबथेंब जाऊ लागलं. दुपारपर्यंत लघवीची पिशवी भरत आली, बीपी एकशे सहा झालं. डॉक्टरने आणखी एकदा पाय उचलायला लावले, आणि शालूबाईंनी डोळे उघडले.

"अहो, माये पाय काऊन धरून राह्यले तुमी?"

"डॉक्टरीनबाईनं सांगतलं."

"लोकं पाहून राह्यले. सोडा."

वॉर्ड खदखदून हसला. भगवानरावांनी पाय अलगद खाली ठेवले, चादर सारखी केली, आणि चहा सांगायचं निमित्त करून डोळे पुसायला बाहेर गेले.